नवीन पॅड, नवीन डिस्क, तरी ब्रेक वाजतोय? परत परत येणारा आवाज शोधायचा कसा

गाडीच्या ब्रेकचे पुढचे पॅड बदलले, ते चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या लोखंडी तबकड्यांवर घासतात त्या डिस्क पण बदलल्या, बिल भरलं, आणि आठवडाभरात पुण्यातल्या कर्वे रोडच्या सिग्नलला गाडी थांबता थांबता परत तेच कुईंऽऽऽ. शेजारचा रिक्षावाला वळून बघतो. गॅरेजला फोन केला की ठरलेलं उत्तर, "नवीन आहेत ना साहेब, बसतील हळूहळू". नाहीच बसले तर ते पॅड काढून पॉलिश पेपर मारून देतात, थोडे दिवस शांतता, आणि पुन्हा सुरू. मग कोणीतरी सांगतं पॅडच डुप्लिकेट असणार, म्हणून आपण नाना पेठेत जाऊन दुसऱ्या कंपनीचे पॅड आणतो आणि आवाज काही जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पॅड आणि डिस्क नवीन टाकल्या तरी ते ज्यात बसतात ते सगळं जुनंच असतं. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारा लोखंडी शिकंजा, तो ज्यावर बसतो तो ब्रॅकेट जुना, ज्यांवर सरकतो त्या पिना जुन्या, पॅड धरणाऱ्या क्लिपा जुन्या, पॅड दाबणारा पिस्टन जुना, डिस्क ज्यावर बसते तो हब जुना, ब्रेक ऑइल आणणारा रबरी होज जुना. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर या सगळ्यावर तितके पावसाळे गेलेले असतात. त्यामुळे आवाज गेला आणि परत आला तर तिसऱ्यांदा पॅड विकत घेण्याआधी जुनं काय काय आहे ते तपासा. आणि त्याच्याही आधी, एक रुपया खर्च न करता, आवाज नक्की कधी येतो ते बघा. गॅरेजमध्ये "ब्रेकमधून आवाज येतो" एवढंच सांगितलं तर मेकॅनिक तरी काय करणार बिचारा, त्याने ट्रायल मारली तेव्हा नेमका आवाज येत नाही.

ऐकायला चांगली जागा म्हणजे ज्या रस्त्याला एका बाजूने भिंत आहे ती, कंपाउंड वॉल, पुलाखालचा भाग, नाहीतर सरळ सोसायटीचं बेसमेंट पार्किंग. काचा खाली, एसीचा पंखा बंद, गाणी बंद, स्पीड वीसच्या आत. भिंतीवरून आवाज परत येतो त्यामुळे डावीकडचा की उजवीकडचा, पुढचा की मागचा हे बऱ्यापैकी कळतं, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला तरी शेजारून चालायला सांगा, गाडीत बसून दिशा फसवी वाटते.

आता आवाजांचे प्रकार.

सगळ्यात आधी तो सकाळचा आवाज, जो आवाजच नाहीये. जून ते सप्टेंबर गाडी रात्रभर पावसात उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज चढतो, डिस्क बिडाच्या असतात त्यामुळे काही तासांतच चढतो, सकाळी पहिले तीन-चार ब्रेक खर्र खर्र करतात आणि सोसायटीच्या गेटच्या पुढे गेलं की संपलं. गाडी धुतल्यावर पण असंच होतं. याच्यासाठी काही करायचं नाही. फक्त एक, गाडी धुतल्या धुतल्या ओल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून दोन आठवडे गावाला जाऊ नका, चारही डिस्कवाली गाडी असेल तर मागच्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा डाग उमटतो आणि ड्रमवाली असेल तर शू, म्हणजे ड्रमच्या आतून घासणारे पॅडसारखे भाग, ड्रमला चिकटतात. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावून जा.

दुसरा, ब्रेक न दाबता सतत येणारा, चाकाच्या वेगाबरोबर जलद होणारा शिंग-शिंग-शिंग असा पत्र्याचा आवाज. बहुतेक वेळा हा डिस्कच्या मागचा धुळीचा पातळ पत्रा असतो. जुनी डिस्क गंजून हबला चिकटलेली असते, फिटर हातोडीने ठोकून काढतो, त्या झटापटीत हा पत्रा वाकतो आणि नव्या डिस्कला कुठेतरी घासायला लागतो. चाक काढून डिस्क हाताने फिरवा, कुठे घासतंय ते दिसतं, लांब स्क्रू ड्रायव्हरने अलगद मागे ओढा. दोन मिनिटांचं काम आहे. डिस्क आणि पत्रा यांच्यात खडी अडकली तरी असाच आवाज येतो, फक्त जास्त कर्कश, आणि कधी कधी गाडी रिव्हर्स घेतली की खडी पडून आवाज आपोआप बंद होतो. आपल्याकडे कायम कुठे ना कुठे रस्ता खणलेला आणि खडी पसरलेली असतेच, त्यामुळे खडीची शक्यता हसण्यावारी नेऊ नका.

याच गटातला अजून एक म्हणजे पॅडच्या झिजेची पट्टी. बऱ्याच पॅडना एक छोटी स्टीलची पट्टी असते, पॅड संपत आला की ती डिस्कला टेकून मुद्दाम चिरकते. जोडीतल्या सगळ्या पॅडना ती नसते, बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूच्या पॅडला असते. पॅड अदलाबदल करून बसवले किंवा पट्टी बसवताना वाकली तर नवा कोरा पॅड पण संपल्यासारखा ओरडतो. बॉक्समधल्या कागदावर कुठला पॅड आत कुठला बाहेर हे छापलेलं असतं, तो कागद कोणी वाचत नाही.

तिसरा, टक्. एकदाच. रिव्हर्स घेऊन पहिला ब्रेक मारला की टक्, मग पुढे जाऊन पहिला ब्रेक मारला की परत टक्, त्यानंतर कितीही ब्रेक मारा काही नाही. हा पॅड ब्रॅकेटमध्ये पुढे-मागे सरकतोय. क्लिपा जुन्याच परत लावल्यात, ताण गेलाय त्यांचा, किंवा पॅडचे कान, म्हणजे ब्रॅकेटमध्ये बसणारी दोन टोकं, थोडे लहान आहेत. धोका काही नाही पण नव्या क्लिपांचा सेट टाकला की जातो. बऱ्याच चांगल्या पॅडच्या बॉक्समध्ये क्लिपा येतात आणि तरी जुन्याच लावल्या जातात, कारण जुन्या काढून खालचा गंज घासायला वेळ लागतो.

चौथा, खराब रस्त्यावर खडखड. इथे लोक हमखास सस्पेन्शनचं काम करून बसतात. एक साधी परीक्षा आहे, त्याच खराब पॅचवरून परत जा आणि जाताना ब्रेक अगदी हलका, गाडीचा वेग जेमतेम कमी होईल इतकाच दाबून ठेवा. खडखड बंद झाली तर पॅड किंवा कॅलिपर सैल आहे, कारण ब्रेक दाबल्यावर ते आवळले जातात. बंद नाही झाली तर लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट या सस्पेन्शनच्या भागांकडे बघा. पुण्यात अशा परीक्षेसाठी रस्ता शोधावा लागत नाही, एवढी एक सोय आहे.

पाचवा म्हणजे घर्रर्र असा लोखंडावर लोखंडाचा आवाज, आणि पेडलमधून पायाला जाणवतो. नव्या पॅडवर हा येताच कामा नये. आला तर गाडी चालवायची नाही, चाक काढून बघायचं, पॅड उलटा बसलाय, म्हणजे पत्र्याची बाजू डिस्ककडे, हे पण झालेलं आहे लोकांचं. किंवा पॅडचं लायनिंग, म्हणजे घासणारं मटेरियल, पत्र्यापासून सुटलंय. यात घरी प्रयोग नकोत, टो करून न्या.

आणि मग तो मुख्य, कुईंऽऽ. हळू वेगात, हलक्या ब्रेकला, थांबता थांबता.

हा का येतो ते थोडं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. पॅड डिस्कवर घासताना सलग घासत नाही, तो चिकटतो-सुटतो चिकटतो-सुटतो असं सेकंदाला हजारो वेळा करतो. फळ्यावर खडू विशिष्ट कोनात धरला की किंचाळतो आणि कोन बदलला की गप्प बसतो, तेच. डिस्क, पॅड, कॅलिपर सगळेच थरथरत असतात, आणि त्यांच्या थरथरीचा सूर जुळला की डिस्क अख्खी वाजते. एक ते सोळा किलोहर्ट्झच्या मध्ये कुठेही असतो हा आवाज, नेमका आपल्या कानाला झोंबेल तिथे. म्हणजे आवाज येतोय याचा अर्थ ब्रेक लागत नाहीये असा नाही, उलट बऱ्याचदा ब्रेक उत्तम लागत असतो. थरथर कमी करणं किंवा सूर बिघडवणं, एवढंच करायचं असतं. पॅडच्या पाठीवरचा शिम, म्हणजे पातळ पत्रा, तेच करतो, त्याच्यातला रबरी थर थरथर खातो. पाठीवर नेमक्या जागी लावलेलं ग्रीस तेच करतं. पॅडच्या दोन्ही टोकांना तिरका काप असतो तोही त्याचसाठी, स्वस्त पॅडना तो काप बऱ्याचदा नसतो, कानशीने मारता येतो पण लायनिंगची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा आणि काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, हवेचा पाइप मारू नका.

नवे पॅड-डिस्क टाकल्यावर लगेच कुईं सुरू झालं असेल तर पहिला संशय दोन गोष्टींवर. एक, नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून कंपनीतून तेलाचा थर येतो, तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसायचा असतो. नुसत्या कोरड्या फडक्याने पुसलं आणि बसवलं तर ते तेल पॅडमध्ये मुरतं. मुरलेलं तेल पॉलिश पेपरने जात नाही, वरचा थर जातो, थोडे दिवस बरं वाटतं, गरम झालं की आतलं तेल परत वर येतं. तो पॅड गेला समजा. आणि कृपा करून कुईंवर उपाय म्हणून डिस्कवर गंज सोडवायचा स्प्रे किंवा तेल मारू नका, आवाज नक्की जाईल, ब्रेकसकट जाईल.

दुसरं म्हणजे पॅड डिस्कवर बसवणं, जे आपल्याकडे जवळजवळ कोणीच करत नाही. गॅरेजमधून गाडी काढली की थेट सिंहगड रोडच्या गर्दीत, पहिला-दुसरा गिअर, हलका ब्रेक, थांबा, ब्रेकवर पाय ठेवून सिग्नल, परत हलका ब्रेक. नव्या पॅडच्या मटेरियलचा पातळ एकसारखा थर डिस्कवर चढायला हवा असतो, तो असा चढत नाही, डाग डाग पडतात आणि पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो. त्यापेक्षा रविवारी सकाळी सहाला पाषाण रोड नाहीतर असाच कुठला रिकामा सरळ रस्ता धरा, मागे कोणी नाही ना बघा, ६० वरून १५-२० पर्यंत बऱ्यापैकी दाबून पण एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम, लागणार नाही इतपत ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, परत ६० ला जा, अर्धा किलोमीटर जाऊ द्या, परत. आठ-दहा वेळा. थोडा जळका वास आला तर घाबरू नका. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक शक्य तितका न वापरता गाडी फिरवा म्हणजे डिस्क थंड होईल. सगळ्यात महत्त्वाचं, तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहायचं नाही, तिथेच पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे तोच ठसा थरथर बनून परत येतो. पॅड बनवणाऱ्यांचे यातले आकडे थोडे वेगवेगळे असतात, बॉक्सवर काही लिहिलं असेल तर ते धरा.

हे सगळं व्यवस्थित करून आवाज गेला आणि नंतर कधीच आला नाही तर इथेच थांबा. ज्यांचा परत येतो त्यांच्यासाठी पुढचं.

कोथरूडच्या एका मित्राची हॅचबॅक अशीच होती. दर वेळी पॅड काढून घासले की शांत, मग परत. प्रत्येक वेळी डाव्या चाकाचाच आवाज, आणि ऑफिसला जाताना नाही तर संध्याकाळी हिंजवडीहून परत येताना, तासभर गर्दीत गाडी चालवल्यावर. ही वेळच सगळं सांगते. गाडी थंड असताना शांत आणि गरम झाल्यावर आवाज म्हणजे पॅड डिस्क सोडत नाहीये, पाय काढला तरी घासतोय, तापतोय, चकचकीत होतोय. घासून दिलेला पॅड त्याच जागी परत बसवला की तो परत चकचकीत होणारच ना. त्याच्या गाडीत डाव्या कॅलिपरची खालची पिन ब्रॅकेटमध्ये कोरडी पडून गच्च बसलेली निघाली, पिनेवरचं रबरी टोपण, म्हणजे बूट, फाटलेलं, आत पाण्याने गंज. वरची पिन मस्त सरकत होती त्यामुळे कॅलिपर हाताने हलवल्यावर हलल्यासारखा वाटायचा, आणि म्हणून कोणी खालची काढून बघितलीच नव्हती.

तर पिना. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅलिपर सरकता असतो, पिस्टन फक्त आतल्या बाजूला, तो आतला पॅड दाबतो आणि मग सगळा कॅलिपर या दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिना सरकल्या नाहीत की काम बिघडलं. जुने पॅड बघायला मिळाले तर तेच बोलतात, एकाच चाकाचे आतला आणि बाहेरचा शेजारी धरा. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ म्हणजे एक पिन अडकलीये. आतला बराच पातळ असेल तर पिस्टन मागे जात नाहीये किंवा पिना जड आहेत. बाहेरचा पातळ असेल तर पिनाच. म्हणून पॅड बदलायला टाकाल तेव्हा जुने मागून घ्या, भंगारात जायच्या आधी डोळ्याखालून घाला, कुठल्या चाकाचे ते खडूने लिहायला सांगा.

पिन दोन्ही काढायच्या, जुनं ग्रीस पूर्ण पुसायचं, भोकाच्या आतलं पण, कापडाची सुरळी आत फिरवून. पिनेवर खड्डे पडले असतील तर नवी पिन, फाटलेलं बूट म्हणजे नवं बूट, यात काटकसर करू नका. ग्रीस मात्र ब्रेकचंच, सिलिकॉनवालं किंवा कॅलिपरसाठी म्हणून मिळतं ते. बेअरिंगला लावतात ते नेहमीचं ग्रीस लावलं तर ते पेट्रोलियमचं असतं, त्याने बूटाचं आणि पिनेवरचं रबर फुगतं आणि काही महिन्यांनी पिन आधीपेक्षा जास्त घट्ट होते. म्हणजे सर्व्हिसिंग केल्यामुळे बिघडली गाडी. कॅलिपर ग्रीसची छोटी ट्यूब पॅडच्या किमतीपुढे चिल्लर आहे, स्वतः घेऊन जा आणि समोर उभं राहून लावून घ्या, मेकॅनिक थोडा वैतागेल, वैतागू दे. ग्रीस कोंबू पण नका, आत हवा अडकून पिन बाहेर ढकलली जाते. आणि काही गाड्यांत दोन पिना वेगळ्या असतात, एकीला टोकाला रबरी बुश असतो, कुठली वर कुठली खाली हे काढतानाच फोटो काढून ठेवा.

पिना झाल्या की ब्रॅकेट. क्लिपा काढून खाली बघा, तिथे गंज फुगलेला असतो आणि तो क्लिपला उचलून पॅडचे कान आवळतो. तारेच्या ब्रशने, गरज पडली तर कानशीने, खालचं लोखंड स्वच्छ दिसेपर्यंत घासायचं. पॅड ब्रॅकेटमध्ये बोटाच्या दाबाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागला तर तो सुटताना पण ठोकल्याशिवाय सुटणार नाही, आणि गाडी चालू असताना ठोकायला कोणी नसतं.

पिना मोकळ्या, पॅड मोकळा, तरी चाक तापतंय? मग पिस्टन किंवा होज. हे ओळखायची युक्ती आहे. गाडी फिरवून आणा, ज्या चाकाचा संशय आहे ते जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका, आणि चाक हाताने फिरवून बघा, जड लागेल. आता कॅलिपरची ब्लीडिंगची निपल, म्हणजे ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू, किंचित सैल करा, थोडं ब्रेक ऑइल बाहेर येईल. लगेच चाक मोकळं झालं तर दाब आत अडकून राहिला होता, म्हणजे रबरी होज आतून सुजून बंद झालाय, तेल जातं पण परत येत नाही, बाहेरून होज अगदी नवा दिसतो. निपल उघडूनही चाक जडच असेल तर पिस्टन अडकलाय, धुळीचं रबर फाटून कडेला गंज आलाय, कॅलिपर किट टाकायचं. दोन्ही चाकं एकदम जड होत असतील तर पाणी दुसरीकडेच मुरतंय, मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य पंप) किंवा बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणारा भाग) रॉडला सैलपणाच उरलेला नाही. हे काम येत असेल तरच करा, निपल उघडल्यावर हवा शिरली तर ब्लीडिंग करावंच लागतं, आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंग उचलतं. ऑइलचा विषय निघालाच आहे तर, ते हवेतला ओलावा ओढतं, बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात, कुठलं घालायचं ते झाकणावरच लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४.

कुठलं चाक तापतंय हे बघायला हात लावू नका, भाजेल. लांबून तापमान दाखवणारी गन मिळते ती डिस्कवर धरा, डावी-उजवीत थोडा फरक चालतो, पण एक दुसरीच्या दुप्पट असेल तर शोध संपला. गन नसेल तर रिमच्या जवळ हात नेला तरी धग कळते.

हबचं वेगळं सांगतो कारण यात आवाजापेक्षा थरथर येते आणि लोक म्हणतात नवी डिस्क वाकडी निघाली. नवी डिस्क क्वचित वाकडी निघते. जुन्या हबच्या तोंडावर गंजाची पापडी असते, तिच्यावर नवी डिस्क बसवली की ती किंचित तिरकी बसते. केवढी तिरकी, तर डिस्कच्या कडेला मिलीमीटरचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ मिमी, एवढी बऱ्याच गाड्यांत कमाल मर्यादा असते. गंजाची पापडी त्याहून सहज जाड असते. सुरुवातीला काहीच कळत नाही, पण प्रत्येक फेरीत डिस्कचा एकच भाग पॅडला चाटून जातो, तिथे ती कमी-जास्त जाड होत जाते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ८० च्या स्पीडला ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. तोपर्यंत डिस्कचं बिल कुठे गेलं ते पण आठवत नाही. हब घासून चकचकीत करा, नटांच्या बोल्टभोवती पण, तिथे ब्रश पोचत नाही म्हणून राहतं. डायल गेज, म्हणजे एवढा बारीक तिरकेपणा मोजणारं घड्याळ, असलेलं गॅरेज असेल तर मोजून घ्या, आणि डिस्कला जागेवर धरणारा छोटा स्क्रू नसेल तर डिस्क एक-दोन भोकं फिरवून बसवून परत मोजा, पुष्कळदा तेवढ्याने रीडिंग खाली येतं. चाकाचे नट एअर गनने वेडेवाकडे आवळले तरी डिस्क ताणली जाते, शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने, आलटून पालटून समोरासमोरचे नट, आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात.

डिस्क नवीन न टाकता लेथवर मारून घेतली असेल तर अजून एक गंमत होते. घाईत मारलेल्या डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखी बारीक चक्राकार रेघ राहते, पॅड त्या रेघेत अडकून बाहेर सरकतो आणि टप् करून परत येतो. हलक्या ब्रेकला टप्-टप्-टप्. १२०-१५० नंबरच्या पेपरने दोन्ही बाजूंना आडवं-तिडवं घासून ती रेघ मोडायची. आणि डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, लेथ मारल्यावर त्याच्या खाली गेली असेल तर कितीही गुळगुळीत दिसली तरी उपयोगाची नाही, पातळ डिस्क तापते पण जास्त आणि वाजते पण जास्त.

एबीएसवाल्या गाड्यांत, म्हणजे २०१९ नंतरच्या तर सगळ्याच, दोन गोष्टी घोळ घालतात. गाडी सुरू करून थोडी पुढे गेली की एकदा घुर्र किंवा टक् येतं, ती सिस्टीमची स्वतःची तपासणी आहे, सोडून द्या. पण थांबता थांबता शेवटच्या दहाच्या स्पीडला पेडलखाली गुर्र-गुर्र येत असेल, कोरड्या रस्त्यावर, तर डिस्क काढताना चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरला धक्का बसलाय किंवा त्याच्या तोंडावर गंज-चुरा बसलाय. पॅडशी संबंधच नाही.

आणि सगळं पुढे शोधून झालं तरी आवाज आहे, तर तो मागचा आहे का बघितलंत का? आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रम असतात, पुढचं काम केलं म्हणून मागचं कोणी उघडत नाही. ड्रममध्ये धूळ साठते, पावसात ओली होते, वाळून घट्ट होते, शू ज्या पत्र्यावर टेकतात तिथे कोरडं घासून कुरकुर येते. ओळखायचं असं की रिकाम्या सपाट जागेत दहाच्या स्पीडला हँडब्रेक बटण दाबून धरत हळूहळू ओढा, तोच आवाज आला तर पुढचे पॅड निर्दोष आहेत. इलेक्ट्रिक हँडब्रेकवाल्या गाडीत हे करू नका. चाकाचं बेअरिंग पण असंच फसवतं, ते घूंऽऽ करतं, ब्रेक दाबला तरी न दाबला तरी, आणि लांब वळणावर एका बाजूला वाढतं दुसऱ्या बाजूला कमी होतं.

पिना, क्लिपा, हब, होज, ड्रम सगळं बघून झालं, चाक तापत नाही, झीज सारखी आहे, आणि तरी कधीतरी सिग्नलला कुईं होतं, तर मग खरंच पॅडचं मटेरियल आहे. सेमी मेटॅलिक, म्हणजे धातू मिसळलेले, पॅड जास्त वाजतात, घाटात चांगला दम धरतात पण वाजतात. रोज शहरातच गाडी असेल तर कंपनीचा मूळ पॅड घ्या, तो त्याच डिस्कवर आणि त्याच कॅलिपरवर वाजू नये म्हणून बसवून बघितलेला असतो, आणि शिम पॅडवर आहे ना ते बॉक्स उघडून काउंटरवरच बघा. बदलल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, पिस्टन मागे ढकललेला असतो त्यामुळे पहिला ब्रेक रिकामा जातो, आणि तो गॅरेजच्या दारातल्या उतारावर जायला नको.